करून राहिलो

अमरावतीत शाहनवाजला सगळे सर म्हणत, कारण बसस्टँडमागच्या कॉम्प्युटर क्लासात तो शिकवायचा. त्याची आई आयशाबी मात्र त्याला बिनपगारी दुकानदार म्हणे. तिचंही अगदीच चुकत नव्हतं. क्लास सुटला की हा पठ्ठ्या घरी येऊन जगभरच्या लोकांसाठी एक फुकट दुकान सांभाळत बसे. पॅकेज मॅनेजर म्हणतात त्याला. एक ओळ टाइप केली की हवा तो प्रोग्राम, त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट, थेट तुमच्या कॉम्प्युटरमध्ये. गिऱ्हाईक दिसत नाही, गल्ला नाही, मग हे कसलं दुकान, हे आयशाबीला शेवटपर्यंत कुणी पटवून देऊ शकलं नाही.

साल २००९. कपाशीनं पुन्हा दगा दिला होता आणि नांदगाव खंडेश्वरकडची पोरं क्लास अर्धवट सोडून पुण्याची गाडी धरत होती. सर, तुमीबी चला, म्हणत. सर जाईनात. पुण्यातल्यांच्या तोडीचं काम इथंच बसून करून दाखवतो, असं ते भर वर्गात बोलून बसले होते. आता ते खरं करायची वेळ आली. पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेची नवी आवृत्ती दुकानात मांडायचं काम पहिल्यांदाच त्याच्या नावावर लागलं होतं. शुक्रवारपर्यंत जमलं तर ती भाषा कायमची त्याच्याकडे, नाहीतर बंगळुरूचा एक जण टपूनच होता.

नवी मांडायची, पण जुनीला धक्का लावायचा नाही, कारण अर्ध्या जगाचे प्रोग्राम अजून जुनीवरच चालत होते. दोघींना एका घरात भांडण न होऊ देता नांदवायचं, आणि मग चाचण्या घ्यायच्या. शाहनवाजचा थकलेला कॉम्प्युटर चाचण्या कशाबशा निम्म्यावर आणी, तेवढ्यात भारनियमनाची वेळ होई आणि लाइट जाई. हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करी.

दुकानाच्या वतीनं त्याचं काम ई-मेलवरून तपासणारी प्राजक्ता पुण्याची होती. मराठी माणूस भेटलं म्हणून हा एवढा खूश, की इंग्रजी सोडून तिच्याशी मराठीतच लिहू लागला, तेही घरच्यासारखं. गुरुवारी तिनं चाचण्यांचं काय झालं म्हणून विचारलं. यानं कळवलं, "चाचण्या करून राहिलो."

चाचण्या राहिल्या असतील तर एका दिवसात उरकणार नाहीत, नाइलाजानं तुमचा नव्या आवृत्तीचा प्रस्ताव बंद करते, असं तिचं उत्तर आलं. सोबत पुढच्या वेळेसाठी शुभेच्छा होत्या. त्या शुभेच्छांनीच शाहनवाजचं डोकं फिरलं. दिवसभर लाइटशी झुंजलेला माणूस, आणि ही म्हणते राहिल्या. रागाच्या भरात त्यानं लिहिलं, "बाई, राहिल्या कावून म्हन्ता? करून राहिलो म्हंजे करतच हावो. आमच्याकडं असंच बोलतेत. तुमाले मराठी येत नसन तर इंग्रजीत सांगतो."

पाठवल्यावर तो भानावर आला. काम तर गेलंच, वर भांडणही झालं. आता पोरांना काय तोंड दाखवायचं, या विचारानं तो खरंच रडकुंडीला आला. तरी चाचण्या त्यानं थांबवल्या नाहीत. शुक्रवारी दुपारी त्या सगळ्या पार पडल्या आणि त्यानं मुकाट निकाल धाडला.

संध्याकाळी उत्तर आलं. प्रस्ताव पुन्हा उघडून मंजूर केला होता, पायथनपुढे त्याचं नाव लागलं होतं. खाली प्राजक्तानं लिहिलं होतं की तिची आई अकोल्याची. रोज दुपारी ऑफिसात फोन करून एकच विचारायची, जेवून राहिली का? आई गेल्याला बरीच वर्षं झाली. त्यानंतर कुणी तसं बोललंच नाही, म्हणून ओळखता आलं नाही, माफ करा.

पायथनपुढचं स्वतःचं नाव बघायचं शाहनवाज विसरूनच गेला. त्यानं एवढंच विचारलं, "जेवून राहिल्या का?"

तिचं उत्तर आलं, "हो. जेवून राहिली."