तेलआत्या

कुणाचंही बाळ रडलं की तेलआत्याचे हात आपोआप पुढे जात. कोल्हारला आमच्या गल्लीतल्या बाळांना तीच तेल लावून न्हाऊ घालायची. पायांवर पालथं घातलेलं पोर किंचाळलं की म्हणायची, "रड बाबा, रड. मोठेपनी रडायची सोय नसती." माझी दोन्ही पोरं तिच्याच पायांवर न्हाली.

घरात शिरली की बाळाआधी बाळंतिणीकडे जायची. "जेवलीस का?" नाही म्हटलं तर सासूला सगळ्यांदेखत फैलावर घ्यायची. तिच्या धाकानं गल्लीतल्या सुनांना गरम भाकरी मिळायची.

दोन वर्षांपूर्वी ती मिरजगावला बहिणीकडे निघाली. गाडी बदलायला एका स्टँडवर उतरली. शेजारच्या तरुण बाईनं "आजी, जरा धरता का? पाणी घेऊन येते," म्हणून आपलं बाळ तिच्याकडे दिलं. बाळ रडायला लागलं, तशी आत्या त्याला खांद्यावर टाकून फाटकाजवळच्या लिंबाखाली फेऱ्या मारू लागली. तेव्हा मुलं पळवणाऱ्या कुण्या म्हातारीचा व्हिडिओ मोबाईलवर फिरत होता. तिच्या अंगावर हिरवं लुगडं होतं. आत्याच्याही होतं. सारखं होतं ते तेवढंच.

"हीच ती! धरा!" कुणीतरी ओरडलं. लोकांनी तिला केस धरून पाडलं, लाथा घातल्या. ती बाळावर पालथी पडून राहिली. पाण्याची बाटली टाकून आई धावत आली. "अहो, मीच दिलं होतं त्यांच्याकडं!" त्यावर एकजण म्हणाला, "आता एवढं झालंच हाय, तर पोलिसांनाच ठरवू द्या." आत्याचे दोन दात गेले. बाळाला ओरखडासुद्धा नव्हता.

पोलिसांनी संध्याकाळी सोडलं. पण तिच्या मारहाणीचा व्हिडिओ तिच्याआधी कोल्हारात पोचला होता. जिच्या जुळ्यांना आत्यानं न्हाऊ घातलं होतं, तिनंच गल्लीच्या ग्रुपवर लिहिलं, 'वय बघा आणि धंदे बघा.' खरं कळल्यावर म्हणाली, "डिलीट केलं की लगेच!" पुढं आत्याला कुणी बोलावेना. "आमचा विश्वास हाय हो, पण घरातली मानसं घाबरत्यात." असं जो तो सांगायचा.

महिन्याभरानं त्या स्टँडच्या गावचे चार पुढारी साडी-नारळ घेऊन आले. बरोबर फोटो काढणाराही होता. मी आत्यापाशीच बसले होते.

"माफी मागाया आला का फोटू काढाया?" तिनं विचारलं.

"दोन्ही, आजी," एकजण हसत म्हणाला.

"ते बाळ कसं हाय?"

 त्या बाळाची चौकशी चौघांपैकी कुणीच केली नव्हती.

आत्यानं दार लावून घेतलं. त्यांनी साडी-नारळ उंबऱ्यावर ठेवून बंद दारासमोर हात जोडले आणि फोटो काढला. 'गैरसमज मिटला' म्हणून तो सगळीकडे फिरला. आमच्या गल्लीनं ग्रुपवर त्यालाही अंगठे दिले.

आठवड्यात आत्या मिरजगावला गेली, ती कायमची. मागच्या महिन्यात मी तिला भेटायला गेले. तिनं चहा केला, पोरांची नावं घेऊन चौकशी केली. निघताना मी म्हटलं, "आत्या, चल ना घरी. त्या स्टँडवरच्या लोकांना तू कोण ते कुठं ठाऊक होतं?"

"त्यांचं मला काय न्हाई पोरी," ती म्हणाली. "ती परकी मानसं. पन आपल्या गल्लीनं तर वळखाया पाहिजे हुतं."