कोर्टात सांगायचं वाक्य

फौजेतल्या खुनाचे सिनेमे काय मस्त असतात, असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. गोष्ट ठरलेली असते. बराकीत एक जवान मेलेला सापडतो, सगळे म्हणतात आत्महत्या, मग गॉगल लावलेला एक मेजर जीपमधून उतरतो आणि बुटाला लागलेल्या मातीवरून खुनी शोधून काढतो. शेवटी कोर्ट. मागच्या बाकावरून म्हातारा बाप उठतो, एक वाक्य बोलतो आणि मोठ्या साहेबाच्या खांद्यावरचे बिल्ले उतरतात. लोक टाळ्या वाजवून घरी जातात.

आमच्या घरात हे वेड वडिलांनी आणलं. ते अंबडच्या एका कारखान्यात फिटर होते. फौजेशी संबंध एवढाच, की घर देवळाली कॅम्पात होतं आणि तोफांचा सराव सुरू झाला की मांडणीवरची भांडी वाजायची. रविवारी दुपारी ते आणि माझा धाकटा भाऊ टीव्हीसमोर बसून खुनी कोण आणि पुढे कोण मरणार यावर पैजा लावायचे. पडद्यावर कोणी म्हणालं, 'फोनवर नको, भेटून सांगतो,' की मात्र पैज नसायची. वडील म्हणायचे, "हा गेला. लय शहाणा." भाऊ हसून हसून लोळायचा. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, मेलेल्या पोरांचं कसलं बघता रे. तिने त्यातला एकही सिनेमा पुरता पाहिला नाही.

भाऊ फौजेत भरती झाला. देशाचं प्रेम होतं आणि नोकरीही हवी होती. दोन्ही एकाच पोराला असू शकतं, हे सिनेमावाल्यांना कोण सांगणार. पुढे लांबच्या एका ठाण्यावर, त्याच्याच रायफलीतून सुटलेल्या गोळीने तो गेला. आम्हाला कळवलं ते एवढंच. चौकात त्याचा फोटो लावून वीर जवान म्हणून फलक लागला. तो लढाईत गेला नव्हता हे पसरल्यावर फलक कोणी, कधी उतरवला, ते कोणी सांगायलाही आलं नाही.

शवपेटीबरोबर आलेले साहेब मात्र भले माणूस होते. वडिलांना बाजूला घेऊन त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "बाबूजी, घर पे कुछ बताया था उसने? कोई परेशानी?"

"नहीं साहब," वडील म्हणाले.

साहेब म्हणाले, कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसेल, सगळं तपासलं जाईल. मी शेजारीच उभी होते. कोर्ट हा शब्द ऐकताच वडिलांची वाकलेली मान वर आली. त्यांना धीर आला असेल, असं मला वाटलं.

त्या दिवसापासून ते बोलावण्याची वाट बघू लागले. पांढरा सदरा इस्त्री करून वेगळा ठेवला. कारखान्यातली रजा जपली, नात्यातल्या लग्नांना जायचं सोडलं, नेमकं तेव्हाच समन्स आलं तर काय घ्या. मृत्यू अपघाती असल्याचा कागद घरी आला, तेव्हाही ते डगमगले नाहीत. सिनेमात पहिला अहवाल खोटाच असतो ना. सिनेमे तर पूर्वीपेक्षा वाढले. आता मोबाइलवर, कानात वायर घालून. कोर्टाचा प्रसंग मागे घेऊन घेऊन बघायचे आणि त्यांचे ओठ हलायचे. दुःखाने माणूस असा होतो, अशी आम्ही आमची समजूत घातली.

शेवटी त्यांनी गल्लीतल्या एका निवृत्त सुभेदारांना चहाला बोलावलं. कोर्टाची तारीख लागायला किती वेळ लागतो आणि वकील आपण न्यायचा की तेच देतात, असं विचारलं. सुभेदारांनी कप खाली ठेवला.

"दादा, ते नावालाच कोर्ट. दोन-तीन साहेब एका खोलीत बसतात, जबान्या घेतात, कागद वर पाठवतात. अपघाताचा कागद आला म्हणजे ते कधीच संपलं. तुम्हाला काय बोलायचं होतं का?"

वडील म्हणाले, "मी तर कोर्टातच सांगणार होतो."

"काय?"

"जायच्या आधल्या आठवड्यात पोराचा फोन आलता. म्हणला, इथं एक लफडं झालंय, भीती वाटतीये. फोनवर नको, सुट्टीला आलो की सांगतो."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, बरं."

"अहो, ते साहेब घरी आले, त्यांनी विचारलं असेल की."

"तो त्यांचाच माणूस. आधी बोललं की पुरावा दाबतात."

कुठून आलं हे शहाणपण, ते मला ठाऊक होतं. तो मोबाइल भिंतीवर आपटावा आणि त्या गॉगलवाल्या मेजराला कॉलर धरून आमच्या ओसरीवर आणून बसवावं, असं झालं मला. सुभेदार म्हणाले, आता अर्ज करून बघा, पण बंद झालेलं कोणी उघडत नाही. असं म्हणून ते चप्पल शोधू लागले.

आई चहाचं भांडं हातात घेऊन दारात उभी होती. त्या फोनचं ती आज पहिल्यांदा ऐकत होती, मीही. इतक्या दिवसांत वडिलांनी साहेबांचा विचार केला, वकिलाचा केला, जजचा केला. आईचा विचार त्यांना सुचला नव्हता. त्या सिनेमांत आईला एकच काम असतं, हार घातलेल्या फोटोसमोर बसून रडायचं.

"भीती वाटतीये म्हणाला?" तिने विचारलं.

"हो."

"तेव्हा जिवंत होता ना तो? मला सांगितलं असतं, तर मी त्याच दिवशी गाडीत बसले असते."