मागच्या आरशातली हिरवी गाडी

अन्याय झाला तो आमच्या क्लबातल्या कर्टवर. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये, एका मंगळवारी सकाळी. जर्मनीतल्या हार्त्स डोंगराच्या जंगलातल्या ज्या कच्च्या वाटेची त्याने वीस वर्षं फुकट निगा राखली, तिच्या तोंडाशी लोखंडी आडवी दांडी, कुलूप आणि पाटी लागली: मोटारींना बंदी. चालत या, सायकलने या, जंगल सर्वांचं आहे. आणि अर्धांगवायूने डावी बाजू गेलेल्या माणसाने काय करायचं? उडत यायचं?

आता पुढचं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. पुण्यात कॉलेजला असताना अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटलीत. ब्राउनश्वाइगला पीएचडीला आल्यापासून इथल्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांच्या क्लबची पत्रकंही मीच लिहिते. त्यामुळे हे सांगताना माझा मलाच राग येतोय...

दीड वर्ष अर्ज, स्मरणपत्रं, पुन्हा अर्ज. शेवटी एका रविवारची परवानगी मिळाली. तीन गाड्या, अट एकच – वाटेला इजा झाली तर पुन्हा कधीही नाही. झाली नाही, तर कर्टला महिन्यातून एकदा वर जाता येईल.

पहिल्या गाडीत कर्ट, चालवायला त्याची बायको इंगे. दुसरी मंदारदादाची, क्लबातला दुसरा मराठी माणूस, नाशिकचा. शेवटी मी. ही शेवटची जागा पूर्वी कायम कर्टची. त्याची जुनी हिरवी गाडी, पुढचा एक दिवा पिवळट. शेवटच्याने सगळ्यांवर नजर ठेवायची आणि कमी बोलायचं, हे त्याचं तत्त्व. कुणी चुकलं की दिवे दोनदा मिचकवायचे, बस. जंगलात हॉर्न वाजवणाऱ्याला तो दुसऱ्यांदा बोलवायचा नाही. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आजारपणानंतर ती गाडी भंगारात गेली.

सकाळी दहाला फॉर्स्टरने, म्हणजे वनाधिकाऱ्याने, आम्हाला आत सोडलं आणि माझ्या मागे कुलूप लावलं. मी स्वतः पाहिलं.

दुसऱ्या वळणावर आरशात चौथी गाडी. हिरवी.

माझं डोकंच फिरलं – परवानगी देऊन वर वन खात्याची पाळत? वॉकीटॉकीवर मंदारदादाला ऐकवलं. तो म्हणाला, "अगं, येऊ दे की. पुढे बघून चालव, माझे आई."

मग चिखलाचं डबकं लागलं. डबक्यातून मधूनच जायचं. कडेने गेलं की वाट रुंदावते, गवत मरतं. हे मीच पत्रकात ठळक छापलंय. पण पुढच्या दोघांनी चिखल पार ढवळून ठेवलेला. अडकणार असं वाटलं आणि मी स्टिअरिंग डावीकडे, गवताकडे वळवलं.

मागून दिवे दोनदा चमकले. एक पांढरा, एक पिवळट. पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी मागे घेतली, मधून काढली. पुन्हा आरशात पाहिलं तर वाट रिकामी.

वर पोचल्यावर कर्ट व्हीलचेअरमध्ये बसून दरी बघत होता. इंगेने मला बाजूला घेतलं. डबक्यापुढे ते दोघं माझ्यासाठी थांबले होते, तेव्हा त्याचा डावा हात हलला म्हणे. आजारपणानंतर एकदाही न हललेला हात. दिव्यांची दांडी उचलावी तशी बोटं दोनदा उचलली गेली.

मी कर्टला सरळ विचारलं, दिवे तूच मिचकवलेस का? त्याला बोलायला वेळ लागतो. "डावीकडे... पोकळ आहे," एवढंच म्हणाला.

उतरताना फॉर्स्टर डबक्यापाशी वाट तपासत उभा होता. मी त्याला त्या गवतात काठी खुपसायला सांगितली. काठी हातभर आत गेली. खाली मातीची नळी, पाणी काढायला कर्टनेच कधीकाळी घातलेली, आता पिचलेली. मी तिथे गेले असते तर अर्धी वाट घेऊन खाली गेले असते. वाटही संपली असती आणि कर्टची परवानगीही.

"ती चौथी गाडी कुणाची?" मी विचारलं.

त्याने खिशातून किल्ली काढून दाखवली. "तीनच आत सोडल्या. कुलूप अजून तसंच आहे."

मंदारदादा म्हणतो, उन्हाची तिरीप असेल. त्या दिवशी ऊन नव्हतं, दादा. इंगे म्हणते, शोधत बसू नकोस. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. पण ज्याला त्या वाटेखालची नळी न् नळी ठाऊक, त्यालाच कुलपाबाहेर ठेवायचं, ह्याचं स्पष्टीकरण तरी कुणाकडे आहे?

महिन्यातून एकदाची ती परवानगी मिळाली, पण वर्षभराचीच, पुढच्या महिन्यात संपते. ती वाढवून द्या, असं पत्र तुम्हीही हार्त्सच्या वन कार्यालयाला लिहा. जर्मन मोडकंतोडकं असलं तरी चालेल. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने, आजच.