टिंब कोणाचं?

टिपणीस मॅडम अंबाड्यात लाल पेन खोचायच्या. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ते पेन अंबाड्यातून बाहेर यायचं आणि मुलुंडच्या आमच्या मसाल्याच्या कारखान्यात पाकिटं भरणाऱ्या आठ बायका हातातलं काम टाकून फळ्यासमोर उभ्या राहायच्या. फळ्यावर आदल्या दिवशीचा आलेख लावलेला असे. तो आलेख मी काढलेला असे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं सगळं मी लांबून पाहिलं असं वाटेल.

मुलाखतीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता. "महाडिक, शंभर ग्रॅमच्या पाकिटांच्या वजनाचा आलेख काढायचाय. उभा अक्ष कुठून सुरू करशील?"

मी म्हणालो, शून्यापासून.

"शून्यापासून सुरू केलंस तर सगळेच साधू दिसतात. अठ्ठ्याण्णवपासून सुरू कर, मग कळेल कोण काय आहे ते." एवढं बोलून त्यांनी मला नोकरी दिली.

काम तसं सोपं होतं. प्रत्येक बाई दर तासाला आपल्या टेबलावरची पाच पाकिटं आपल्या काट्यावर तोलायची. त्या पाचांच्या सरासरीचं आलेखात एक टिंब. मधे एक रेघ, वर एक मर्यादा, खाली एक मर्यादा. टिंब मर्यादेबाहेर गेलं की लाल. सॉफ्टवेअर आडव्या अक्षावर आपलं आपण वेळ टाकतं: नऊ, दहा, अकरा. मॅडमना वेळ नको होती. "वेळेला लाज नसते. नाव टाक."

मी नावं टाकली. ती उभी छापली गेली. मॅडम म्हणाल्या, "तिरकी कर. मान वाकडी करून वाचायला लागलं की लाज अर्धी होते." मी तिरकी केली. अक्षरं बारीक दिसली, म्हणून कागदावरचा खालचा, पाचांतला फरक दाखवणारा दुसरा आलेख काढून टाकला आणि नावांना जागा दिली. रोज उघडलं की हाच लेआउट यावा, असं सेव्ह करून ठेवलं. मॅडम "छान" म्हणाल्या. त्या वर्षातून दोनदा छान म्हणायच्या, त्यामुळे मी आठवडाभर हवेत होतो.

"एक टिंब बाहेर गेलं तर मी हसेन, दुसरं गेलं तर मी बोलेन," हा त्यांचा कायदा. त्या खरंच हसायच्या, आणि त्यापेक्षा त्यांचं बोलणं परवडलं असं बायका म्हणायच्या. दुसऱ्या टिंबाला नाव पुकारलं जायचं. बाई पुढे यायची. मॅडम कागदावर पेन टेकवायच्या. "हे टिंब कोणाचं?" "माझं, मॅडम." बास, इतकंच. पण बाकीच्या सात जणींसमोर ते म्हणावं लागायचं. एक मात्र कबूल करायला हवं: त्या स्वतः कधी उशिरा आल्या नाहीत, कुणाचा फुकटचा डबा खाल्ला नाही, आणि हळदीत एक केस सापडला म्हणून त्यांनी अख्खा लॉट फेकून दिला तेव्हा मालकाचंही ऐकलं नाही. मला त्यांची भीती वाटायची आणि त्यांच्यासारखं व्हावंसंही वाटायचं.

सरवदेबाई सर्वांत नव्या. सोलापूरकडच्या, लग्नानंतर मुंबईत आलेल्या. सहा महिने नीट गेले की कायम होणार होत्या. नव्या म्हणून त्यांना दाराजवळचं तीन नंबरचं टेबल मिळालं होतं. तिसऱ्या महिन्यापासून त्यांची टिंबं लाल येऊ लागली, आणि त्या जवळजवळ रोज पुढे येऊ लागल्या. "कोणाचं?" "माझं, मॅडम." "जोरात." "माझं."

एकदा दुपारी त्या माझ्या केबिनच्या दारात आल्या. "साहेब, मी सुट्टीवर होते ना, तेव्हा शिंदेताई माझ्या टेबलावर बसलेल्या. त्या दिवशी त्यांचं पण लाल आलं. एकच आलं म्हणून मॅडम हसल्या, सोडून दिलं. आमच्या नावाऐवजी काट्याचा नंबर टाकून बघा की. तुमच्याच हातात आहे ते."

मी टाकून बघितला. नावं गेली, एक ते आठ आकडे आले. सात आकड्यांची टिंबं मधल्या रेघेच्या आजूबाजूला निवांत. तीन नंबरची लाल. मग टेबलावर कुणीही बसलेलं असो.

मी कागद मॅडमसमोर ठेवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. काटे दर महिन्याला त्याच तपासायच्या. प्रत्येकावर त्यांच्या सहीचं हिरवं लेबल होतं.

"तीन नंबर मी पास केलाय."

"हो, मॅडम."

"माझी सही आहे त्याच्यावर. मग? लेआउट होता तसा कर."

मी होता तसा केला. दारापर्यंत गेल्यावर वळून काहीतरी बोलावं असं वाटलं होतं. वाटलं, एवढंच.

सोमवारी सरवदेबाईंनी शेवटचं "माझं" म्हटलं. "उद्यापासून यायचं नाही," मॅडम म्हणाल्या. बाईंनी टोपी आणि ॲप्रन घडी करून टेबलावर ठेवला आणि जाताना एकदा माझ्याकडे बघितलं. आठ दिवसांनी तीन नंबरचा काटा गुपचूप दुरुस्तीला गेला. परत आल्यावर त्या टेबलावर एकही लाल टिंब आलं नाही. मॅडमनी मला बोलावून सांगितलं, "तुझा लेआउट दुसऱ्या युनिटलाही लावतायत." मी घरी पेढे नेले. आजही ते आठवलं की तोंड कडू होतं.

मॅडम रिटायर होऊन पार्ल्याला एकट्या राहू लागल्या. मधुमेह बळावला होता. मी भेटायला गेलो तर फ्रिजवर आलेख कागद चिकटवलेला: रोजची साखर, मधे रेघ, लाल टिंबं, आणि अलीकडच्या टिंबांखाली एकच नाव, तिरकं. सुनंदा. मॅडमना सांभाळायला ब्यूरोनं पाठवलेली, दहिसरहून येणारी बाई. आधीच्या दोघींची नावं डावीकडे होती आणि मधेच संपली होती.

पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तेव्हा सुनंदा हळूच म्हणाली, "साहेब, साखर वाढली की मला फ्रिजसमोर उभं करतात. मी चहात घालते म्हणतात. देवाशपथ घालत नाही ओ. त्या साखर बघायच्या पट्ट्याच जुन्या झाल्यात. मी बोलले तर मीच जाईन. तुम्ही सांगा ना."

डबीवरची तारीख उलटून चार महिने झाले होते. मी डबी घेऊन बाहेर आलो. पन्नाशीला आलेला माणूस मी, पण डबी दोन्ही हातांनी पुढे धरली. "मॅडम, पट्ट्या जुन्या आहेत. ही टिंबं सुनंदाची नाहीत."

त्यांनी डबी लांब धरून वाचली. "मीच आणल्यात."

"माहितीये."

"मग नवीन आण."

बस्स. इतकं सोपं होतं ते. मी उभाच राहिलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्या हसल्या, फळ्यासमोर हसायच्या तशा.

"सरवदेच्या वेळी एकदाच आलास. दुसऱ्यांदा आला असतास तर मी ऐकलं असतं."

हे खरं होतं, की जाता जाता मला मारलेला शेवटचा फटका, ते मला कळलं नाही. दोन महिन्यांनी त्या गेल्या. आता विचारायलाही कुणी नाही.

पण त्या दिवशी त्या उठल्या, भिंत धरत फ्रिजपर्यंत गेल्या आणि त्यांनी अंबाड्यातून पेन काढलं. आजच्या लाल टिंबाखाली नाव लिहायचं राहिलं होतं. त्यांनी तिथं पेन टेकवलं.

"हे टिंब कोणाचं?"

स्वयंपाकघराच्या दारात सुनंदा उभी होती. मी पुढे आलो.

"माझं, मॅडम."

"जोरात."

"माझं."

त्यांनी माझं नाव तिरकं लिहिलं आणि पेन परत अंबाड्यात खोचलं.