पिचरच्या बादलीतले तांदूळ

टेक्सासमधल्या आमच्या फ्रिस्कोच्या घरात एक बेसबॉल खेळाडू राहायला येणार, हे घरात सगळ्यांत शेवटी मला कळलं. माझा पहिला संशय तिथूनच सुरू झाला.

गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. तेव्हा मी साठीचीही नव्हते. नागपूरच्या शाळेतून नुकतीच रिटायर होऊन मुलाकडे आले होते. परीक्षेत कॉपी पकडण्यात आपला हात धरणारं जिल्ह्यात कुणी नाही, असा माझा ठाम समज होता, आणि तो मी सामानातून इकडे आणला होता. कस्टम्सवाल्यांनी लोणचं काढून घेतलं, समज तेवढा राहू दिला.

इथल्या टीममधले खेळाडू म्हणजे मोठ्या लीगच्या दोन पायऱ्या खालचे. पगार बेताचा, मोसम सहा महिन्यांचा. म्हणून क्लबवाले तेव्हा आसपासच्या कुटुंबांना विचारायचे, एखाद्याला घरी ठेवून घ्याल का? सुनेनं फॉर्म भरून टाकला.

"आई, सीझनपुरता राहील. आपल्याला मॅचची तिकिटं मिळतील."

"आणि त्याला काय मिळणार?"

"खोली."

"कुठली?"

सून एकदम मन लावून कोथिंबीर निवडायला लागली. खालची खोली माझी होती.

तो आला तो दारात वाकूनच. सव्वीस वर्षांचा, ओक्लाहोमातल्या कुठल्याशा लहान गावचा, पिचर. "आपल्याकडचा बोलर समज," मुलानं मला सांगितलं. मला 'आजी' म्हणायचं, हे सगळ्यांनी त्याला शिकवलं होतं. एवढ्या दांडग्या माणसाची आजी व्हायला मी मुळीच तयार नव्हते. तेव्हा मी केसही काळे करत असे.

चार दिवसांत माझ्या लक्षात आलं की हा खेळतच नाही. रोज दुपारी ग्राउंडवर जायचा, पण चेंडू टाकायचा पाच दिवसांतून एकदा. इंडियन ग्रोसरीतून मिळालेल्या कॅलेंडरवर मी खुणा करायला लागले.

"अगं आई, स्टार्टिंग पिचर, म्हणजे मॅचच्या सुरुवातीला चेंडू टाकणारा आहे तो," मुलगा म्हणाला. "हाताला चार दिवस रेस्ट लागतेच."

"मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. माझ्या हाताला कुणी दिली का रेस्ट?"

मग फ्रीजरमधला बर्फ नाहीसा व्हायला लागला. बर्फ कशासाठी लागतो, हे न कळण्याइतकी मी भोळी नव्हते. डिशवॉशरमधले ग्लास काढून मी एकेक हुंगला. सगळ्यांना दुधाचा वास. तेव्हा मी काय निष्कर्ष काढला असेल? हा माणूस पुरावा धुऊन वर दूध पितो! नागपूरला बहिणीला फोन करून हे सांगितलंसुद्धा. तिनं ते पुढे आणखी आठ-दहा जणींना पोचवलं.

मॅच नसेल तेव्हा तो आमच्याबरोबर जेवायला बसे. पोळी-भाजी आवडीनं खायचा, पण डाव्या हातानं. दोन-तीन वेळा मी गप्प बसले. मग राहवलं नाही. "आमच्याकडे उजव्या हातानं जेवतात," मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं. बिचारा कानापर्यंत लाल झाला, सॉरी म्हणाला आणि घास उजव्या हातात घेतला. त्यानंतर कायम उजव्या हातानंच. हळूहळू जेवायचा. घास तोंडाशी न्यायच्या ऐवजी मान खाली घालून तोंड घासाशी न्यायचा. मला वाटलं, काय ही अन्नाबद्दलची नम्रता! बहिणीला पुन्हा फोन. "एका अमेरिकन माणसाला वळण लावलं बघ मी."

जूनमधल्या एका सकाळी तो पळायला गेला होता. व्हॅक्युम करायचं निमित्त काढून मी त्याच्या, म्हणजे माझ्या, खोलीत शिरले. कपाटात कोट-पँटींच्या खाली एक मोठी पांढरी बादली, आणि ती काठोकाठ तांदळानं भरलेली.

मी आधी स्वयंपाकघरात धावले. आमच्या तांदळाच्या डब्यात मी बोटानं रेघ ओढून ठेवत असे. रेघ जागच्या जागी होती. म्हणजे हे तांदूळ चोरीचे नव्हेत. मग जेमतेम ऑम्लेट करता येणाऱ्या माणसाला बादलीभर तांदूळ कशाला? नक्कीच आत काहीतरी लपवलेलं असणार. गोळ्या? पिस्तूल? टेक्सास आहे, काही सांगता येत नाही. जादूटोणाही मनात येऊन गेला, पण बादलीवर कुंकू नव्हतं. मी जमिनीवर बसकण मारली, बांगड्या वर सारल्या आणि दोन्ही हात कोपरापर्यंत तांदळात खुपसले.

"आजी, काय शोधताय?"

तो दारात घामानं निथळत उभा होता.

"किडे," मी म्हणाले. "तांदळात फार लवकर होतात."

तो खो-खो हसला. माझ्यासमोर जमिनीवर बसला आणि बादली स्वतःकडे ओढली. पिचर लोकांचा हा व्यायाम असतो, म्हणाला. तांदळात मूठ खुपसायची, उघडायची, मिटायची, पिळायची. हात मजबूत होतो. करून दाखवायला त्यानं उजवा हात आत घातला. एकदा पिळला. दुसऱ्यांदा पिळताना हसू तोंडावर तसंच राहिलं आणि चेहऱ्याचा रंग मात्र उतरला.

"कोपर वाकव," मी म्हणाले.

"ठीक आहे, आजी."

"वाकव म्हणते ना!"

अर्ध्यावर येऊन ते अडकलं. ती ताटावर झुकणारी मान, तो बर्फ, तो हळूहळू चालणारा घास, सगळं एकदम माझ्यासमोर आलं. महिनाभर हा माणूस केवळ माझा मान राखायला दुखऱ्या हातानं जेवत होता.

"कधीपासून?"

"एप्रिल."

"तुमच्या ट्रेनरला माहीत आहे?"

तो उठला आणि खोलीचं दार लावून आला.

रविवारी वरच्या टीमची माणसं त्याला बघायला येणार होती. तिकडचा एक पिचर जायबंदी झाला होता, त्या जागेसाठी दोघांचाच विचार चालला होता. आता दुखतंय म्हटलं तर ऑपरेशन आणि वर्ष-दीड वर्ष घरी. "सव्विसाव्या वर्षी माझ्यासाठी कोण थांबणार आहे? आठ वर्षं यासाठी काढलीत. रविवारपर्यंत फक्त. प्लीज, आजी."

बर्फाचा संशय मी डझनभर लोकांपर्यंत पोचवला होता. ही खात्रीची गोष्ट मात्र कुणाला म्हणजे कुणालाच सांगितली नाही. दयेपोटी, असं लिहायला मला आवडेल. खरं म्हणजे मी फुगले होते. ज्या घरात माझी खोली बदलतानाही मला विचारलं नाही, तिथे एक सव्वासहा फुटी माणूस माझ्यापुढे गयावया करत होता. एवढं महत्त्व मला कितीतरी वर्षांत मिळालं नव्हतं.

त्या दिवसापासून मी त्याला डाव्या हातानं जेवायला सांगितलं.

"आता चालतं वाटतं, आई?" सुनेनं विचारलं.

"पाहुणा आहे तो," मी म्हणाले.

रविवारी आम्ही सगळे गेलो. सहा वाजून गेले तरी ऊन भाजत होतं. इथे तिघे बाद झाले की डाव संपतो; पहिल्या दोन डावांत समोरचे सहा जण आले आणि सहाही जण बाद होऊन परत गेले. लोक उभे राहून ओरडत होते, मुलगा मला वेगाचे आकडे सांगत होता. मी टाळ्या वाजवल्या. बघा, काही होत नाही, असंच मनात म्हणत होते. आयुष्यात एकदाच मी शंका बाजूला ठेवली, आणि ती त्या संध्याकाळी.

तिसऱ्या डावात त्यानं टाकलेला एक चेंडू झेलणाऱ्याच्या डोक्यावरून थेट मागच्या जाळीत गेला. तो कुठे गेला हे त्यानं पाहिलंही नाही. हात छातीशी धरून, तान्हं मूल न्यावं तसा जपत तो बाहेर चालत आला.

"अरे देवा, असं अचानक काय झालं?" सून म्हणाली.

"अचानकच," मी म्हणाले.

ऑपरेशन झालं, तो गावी गेला. दोन वर्षांनी कुठल्याशा आणखी खालच्या लीगमध्ये एक मोसम खेळला आणि मग त्यांनी त्याला सोडून दिलं. मोठ्या लीगच्या मैदानावर त्यानं एकही चेंडू टाकला नाही. आता गावातल्या मुलांना बेसबॉल शिकवतो. अधूनमधून आमचा फोन होतो.

गेल्या महिन्यात मीच लावला, आणि बारा वर्षं घशात अडकलेलं विचारून टाकलं. "तेव्हा मी सांगितलं असतं तर?"

"काही फरक पडला नसता, आजी. कोपरातलं लिगामेंट आधीच फाटलेलं होतं. डॉक्टरच म्हणाले."

"कधी म्हणाले?"

"तेव्हाच."

"तेव्हा तर तू सांगत होतास, डॉक्टर काहीच बोलत नाहीत म्हणून."

तो हसला. "तुम्ही अजिबात बदलला नाहीत हं," म्हणाला. आणि प्रॅक्टिसची मुलं येऊन थांबलीत, असं सांगून त्यानं फोन ठेवला.

त्याच्या आणि आमच्या गावात घड्याळ एकच. रविवार होता, आणि सकाळचे पावणेसात वाजले होते; इतक्या लवकर कुठली मुलं प्रॅक्टिसला येतात? मी पुन्हा फोन लावला नाही.