ताई आणि सरकता जिना

माझे भावजी सरकते जिने दुरुस्त करतात. परदेशातल्या या शहरात आमचं बस्तान बसलं ते त्यांच्या याच नोकरीवर. आधी ती दोघं आली, मागून मी. आणि त्यांची बायको, म्हणजे माझी सख्खी ताई, सरकत्या जिन्यावर पाय ठेवायची नाही. मेले तरी ठेवणार नाही म्हणायची.

त्याचं झालं असं, की आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात तिच्या चपलेचा पट्टा जिन्याच्या टोकाशी अडकला. ताईनं पाय सोडवला, चप्पल गेली. एवढ्यावर विसरलीही असती बिचारी. पण भावजींचं म्हणणं, यंत्र समजलं की भीती जाते. त्यांनी तिला जेवायच्या टेबलाशी बसवून कागदावर आकृती काढून दिली. ही साखळी, ही चाकं, आणि इथं टोकाला हे दाते.

"दाते?" ताई म्हणाली.

"कंगव्यासारखे. एकदम बारीक!" भावजी कौतुकानं म्हणाले.

झालं! विषयच संपला. मी तर भावजींना तोंडावर सांगितलं, तुम्ही जिनेच दुरुस्त करा, माणसांच्या वाटेला जाऊ नका.

बरं, दोघांना फिरायची हौस दांडगी. सुट्टी आली की डबा, छत्री, पाण्याची बाटली आणि मी, एवढं सामान घेऊन निघायचं. इथली भुयारी रेल्वे कुठेही झटकन नेते, पण तिच्या प्रत्येक स्टेशनात उतरायला फक्त सरकतेच जिने, म्हणून आम्ही बसनं. एक बस, दुसरी बस, मग चुकलेली तिसरी बस. धबधबा बघायला गेलो, तर पोचेपर्यंत फाटक बंद. भावजींनी फाटकाचाच फोटो काढला आणि म्हणाले, "आवाज तर ऐकू येतोय की!" मोठ्या दुकानात चपला वरच्या मजल्यावर, तर ताई खाली उभी आणि भावजी वरून कठड्याबाहेर एकेक जोड धरून ओरडतायत, "ही? का ही?" अख्खं दुकान माना वर करून बघत होतं. संग्रहालयात भावजींच्या ओळखीनं सामानाच्या लिफ्टमधून गेलो, एका पुतळ्याला खेटून. ताई पुतळ्याकडे बोट दाखवून म्हणते, "बघा, हासुद्धा जिन्यानं जात नाही." भावजी हसले. मी नाही हसले. माझे पाय दुखत होते.

आणि एक दिवस, एवढाल्या जिन्यांच्या पोटात शिरणारा हा माणूस घरचा बल्ब बदलताना स्टुलावरून पडला. मांडीचं हाड मोडलं. हॉस्पिटल नदीपलीकडे. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि भावजींनी हट्ट धरला, मी करून घेणार नाही. बेशुद्ध केलं आणि उठलोच नाही तर? फोनवर ताईनं समजावलं, रागावली, शेवटी रडली. भावजींनी फोन ठेवून दिला. मग डॉक्टरांचा फोन आला. संध्याकाळपर्यंत होकार मिळाला तर उद्या सकाळी ऑपरेशन, नाहीतर त्यांची पाळी दुसऱ्याला जाईल, आणि उशीर झाला तर पाय कायमचा अधू होऊ शकतो. जिने चढायची नोकरी ती, अधू पायानं कशी करणार?

त्यात नदीवरचा पूल दुरुस्तीला बंद. बस, टॅक्सी, सगळं लांबून वळसा घालून जात होतं. वेळेत पोचवेल अशी एकच गोष्ट, नदीखालून जाणारी रेल्वे.

"मी जाते, मी सांगते त्यांना," मी म्हटलं.

"तुझं त्यांनी आजवर कधी ऐकलंय?" ताई म्हणाली आणि मला घेऊन कामावरून तशीच निघाली. ती कपडे आखूड-ढिले करून देण्याच्या दुकानात काम करते. स्टेशनात, जिन्याच्या तोंडाशी, तिनं पर्समधून पिना काढल्या, पँटचे पाय नडगीपर्यंत दुमडून पिना लावल्या आणि बुटांच्या नाड्यांना दोन-दोन गाठी मारल्या. "आता बघू काय खातो मेला," म्हणाली.

तिनं कठड्यावर हात ठेवला. हात निघाला पुढे, पाय जागच्या जागी. कमरेत वाकून तशीच ओढली गेली आणि मागे उडी मारून माझ्या अंगावर आली. मागे माणसं खोळंबली. मी मुळात तापट.

"अगं टाक ना पाय!"

"तू गप्प बस! ओरडलीस तर इथूनच परत जाईन."

मी गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा बसले असेन. ताई त्या एकेक करून खाली जाणाऱ्या पायऱ्यांकडे बघत राहिली, आणि एकदम, दातओठ खाऊन, तिनं पाय टाकला. उतरताना अख्खा वेळ मोठमोठ्यानं भावजींचा उद्धार चालला होता. "कुणी सांगितलं होतं बल्ब बदलायला? अंधारात बसलो असतो!" खाली दाते दिसल्यावर तिनं अशी लांब उडी घेतली, की समोरचा गृहस्थ बाजूला पळाला. पलीकडच्या स्टेशनात चढायचे दोन जिने, याच्या दुप्पट. तेही चढली. माझ्या दंडावर तिच्या बोटांचे वळ उठले होते.

भावजी पायाला वजन लावून पडले होते, तोंड घट्ट मिटून. डॉक्टर निघायच्या तयारीत होते.

"कशी आलीस? पूल तर बंद आहे."

"जिन्यानं."

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग त्यांनी पिना लावलेल्या पँटकडे पाहिलं, आणि इतका वेळ आवळून धरलेलं त्यांचं तोंड थरथरायला लागलं.

"मला फार भीती वाटते गं."

"मग मला काय कमी वाटली? हा हात धरून बघा, अजून कापतोय." ताई पलंगावर टेकली. "भीती बिती काही गेलेली नाही माझी. तुम्ही इथं एकटे होतात, म्हणून आले. उद्या डोळे उघडाल ना, तेव्हा समोर मी असेन. कुठूनही येईन, कशावरूनही येईन."

भावजींनी तो कापणारा हात दोन्ही हातांत धरला. मग डॉक्टरांकडे वळून त्यांनी विचारलं, "सकाळी किती वाजता?"