आत्याची चव गेली तेव्हा

माझी आत्या सव्वीस वर्षं एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात मुख्य स्वयंपाकीण होती. हृदयाच्या रुग्णांना बिनमिठाचं, पोटाच्या रुग्णांना मऊ, गिळता न येणाऱ्यांना गाळलेलं, अशी रोज पाच-सहा पातेली वेगवेगळी शिजायची. सकाळी शेगड्या पेटवण्याआधी ती ओट्यावर दोन्ही तळवे टेकून मोठ्याने प्रार्थना करायची.

"प्रभू, वर खाटांवर कोण कसं आहे ते तुला ठाऊक. त्यांच्या जिवाला आधार होईल असं माझ्या हातून शिजू दे. त्यांचं पोट भर, आणि मलाही तुझ्या वचनाचा घास दे. येशूच्या नावाने मागते, आमेन."

आणि लगेच, त्याच दमात, "हा कांदा चिरलाय की कुणावर राग काढलाय?"

हा टोमणा भाजी चिरणाऱ्या बाईंना असायचा. त्यांच्या आवाजामुळे सगळे त्यांना तोफबाई म्हणत, आणि त्याही त्या नावाला ओ देत. दोघींचं अकरा वर्षं विळ्याभोपळ्याचं सख्य.

एका वर्षी आत्याला आठवडाभर ताप आला. ताप गेला, पण जाताना तिची चव घेऊन गेला. मीठ आणि साखर तिला सारखीच लागू लागली. घरी तिने सांगितलं, कामावर मात्र अवाक्षर काढलं नाही. अंदाजाने रांधत राहिली. तिसऱ्या दिवशी सूपचे वाडगे वरून तसेच परत आले. खारट झालं होतं. "मिठाच्या डब्याचं झाकण निसटलं," असं ती म्हणाली, आणि घरी येऊन त्या खोट्यापायी जेवली नाही.

"आज सूप बिघडलं," ती मला म्हणाली. "उद्या बिनमिठाच्या पातेल्यात चुकून मीठ पडलं तर मला कळणारसुद्धा नाही रे."

दुसऱ्या दिवशी राजीनामा लिहून ती कामावर गेली. ओट्यावर तळवे टेकले आणि सवयीने मोठ्यानेच बोलून गेली, "प्रभू, वाट दाखव. जायचं असेल तर जायचं बळ दे. राहायचं असेल तर कसं राहू ते सांग."

त्या दिवशी आमेननंतर कांद्याचा विषय निघाला नाही.

दहाच्या सुमारास तोफबाई हात पुसत आल्या, पातेल्यातलं चमचाभर सूप चाखलं आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे."

"तुम्हाला कोणी विचारलं?"

"तुम्हीच विचारलंत की सकाळी. मला नाही, त्याला. पण माझे कान काही बंद नव्हते." मग त्यांनी आवाज उतरवला. तो उतरतो हेच आत्याला तेव्हा कळलं. "चव गेलीय ना? चमचा तोंडात जातो आणि चेहरा कोरा राहतो. अकरा वर्षं बघतेय मी तो चेहरा."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

आत्या तिथेच स्टुलावर बसून रडली. मग उठून आहारतज्ज्ञ बाईंकडे गेली आणि झाकणाच्या थापेसकट सगळं सांगितलं. बाईंनी राजीनामा परत केला. ठरलं असं, की आत्याने रांधायचं आणि तोफबाईंनी चाखल्याशिवाय एकही पातेलं वर जायचं नाही.

"कसं लागतंय?"

"चांगलं."

"चांगलं म्हणजे काय? नीट सांगा."

हळूहळू तोफबाई नीट सांगू लागल्या. "आधी गोडसर. मिरी मागून येते, घशाशी जरा रेंगाळते." आत्या म्हणायची, स्वतःच्या हाताला काय चव आहे हे मला त्या दिवसांत दुसरीच्या तोंडून कळलं.

सात महिन्यांनी मीठ परत आलं, मग गोड. आंबट कधीच आलं नाही. आत्याने त्याची कुरकुर केली नाही. तिच्या प्रार्थनेत एक ओळ वाढली, "हिला माझ्याजवळ ठेवलंस, तुझे उपकार," आणि कधी देवळाची पायरी न चढलेल्या तोफबाई त्यावर अशा आवाजात आमेन म्हणत की झाकणं वाजत.

आता दोघी निवृत्त आहेत. जेवणाआधी आत्या ज्यांच्यासाठी आशीर्वाद मागते त्यांत पहिलं नाव तोफबाईंचं असतं, सख्ख्या भाचरांचं नंतर. आमची त्याबद्दल काहीच तक्रार नाही.